आधी साबणाची जाहिरात

आमच्या वाडीत टीव्ही यायच्या आधीपासून आम्ही मालिका बघत होतो, असं मी कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसतात. त्यांना वाटतं मी चुकून बोलले, मला 'ऐकत होतो' म्हणायचं असेल. पण ते मला खरं वाटत नाही. आम्ही बघतच होतो. पडद्याकडे नाही, द्वारकाकाकीच्या हातांकडे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. एखाद्या माणसाबद्दल बसून लिहावं, असं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. त्यामुळे काकी मला नीट उतरवता येईल की नाही, याची खात्री नाही. तिचं सगळं आयुष्य मला माहीतही नाही. मला माहीत आहे ते तिचं संध्याकाळचं येणं, किटली खाली ठेवणं, आणि दोन घोट पाणी पिऊन "हां" म्हणणं.

आमची वाडी पोलादपूरहून कुडपणकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या एका अंगाला, डोंगराच्या पोटात आहे. वीज आली होती, घरोघर एकेक बल्ब होता. टीव्ही मात्र नव्हता, कारण मधल्या डोंगरामुळे चित्र यायचंच नाही. एकदा मुंबईहून एकाने हौसेने संच आणला, फणसाच्या झाडावर अँटेना बांधली, आणि सगळी वाडी जमवून पडद्यावरच्या मुंग्या दाखवल्या. काकी थोडा वेळ बघून उठली.

"मुंग्याच बघायच्या तर माझ्या गुळाच्या डब्यात बघा," म्हणाली. "तिथं आवाज तरी नाय येत."

तो संच पुढच्या गणपतीत परत मुंबईला गेला.

काकी म्हणजे आमच्या घराच्या वरच्या अंगाला राहणारी. सख्खी नव्हे, भावकीतली. नवरा मुंबईत कामाला, मुलगा त्याच्याजवळ, आणि इथे ती आणि दोन म्हशी. दूध घेऊन ती रोज दुपारी खालच्या गावात उतरायची. रस्त्याला बाळूशेठचं चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलात टीव्ही होता. दूध मोजून दिलं की काकी पायरीवर बसायची. त्या वेळी हिंदी मालिका लागायची, रोज, शनिवार-रविवार सोडून. काकी लग्नानंतर काही वर्षं मुंबईत राहिलेली, म्हणून तिला हिंदी समजायची. वाडीतल्या दुसऱ्या कुठल्याच बाईला ती येत नव्हती. बापये हॉटेलात बसले तर क्रिकेटपुरते, आणि आम्ही शाळेतल्या मुली त्या हॉटेलच्या समोरून खाली मान घालून जायचो. म्हणजे मालिका बघून ती वर घेऊन येणारं माणूस एकच.

चार-साडेचारला ती चढण चढून यायची. तेव्हा बायका झऱ्यावर पाण्याला जमलेल्या असत. हंडे भरून झालेले असले तरी कुणी डोक्यावर घेत नसे. पावसाळ्यात हेच तिच्या ओटीवर. भातलावणीच्या दिवसांत तर आदल्या दिवशीची गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात, चिखलात वाकल्या वाकल्या. वाकलेली असताना हात दाखवता येत नसत, म्हणून लावणीतली गोष्ट जरा फिकी वाटायची, असं आई म्हणते.

मालिकेचं नाव वाडीत कुणाला नीट घेता यायचं नाही. तिच्यातल्या मुलीचं नाव सुलक्षणा, म्हणून सगळ्या तिला 'सुलूची गोष्ट' म्हणत. सुलू मोठ्या बंगल्यात दिलेली गरीब घरची मुलगी. तिची सासू, तिचा नवरा, धाकटा दीर, सगळे काकीच करायची. सासू आली की हनुवटी वर आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. नवरा आला की नुसतं खाकरणं, कारण काकीच्या मते त्याला दुसरं काही येतच नव्हतं. सुलू बोलायची तेव्हा काकीचा आवाज बदलत नसे. सुलू काकीच्याच आवाजात बोलायची.

आणि काकी जाहिरातीही सांगायची. सासूने ताट भिरकावलं, सुलू दारात उभी, सगळ्यांचा श्वास अडकलेला, आणि काकी म्हणायची, "आता साबणाची आली." मग ती बाई न्हाते कशी, फेस कुठवर येतो, शेवटी नवरा वास कसा घेतो, हे सगळं.

"साबण ऱ्हाऊं दे गो, सुलूचा सांग," बायका ओरडत.

"तिथंबी मधीच दाखवतात. मी काय गाळू? मला गाळायला कुणी सांगितलाय?"

"त्यांना पैसे मिळतात. तुला कोण देतो?"

"म्हणून तर फुकट सांगतंय. चहापत्तीची ऐका आता."

टीव्हीतल्या घरांबद्दल तिची मतं ठाम होती. या लोकांच्या घरात चूल दिसत नाही, कुणी भांडी घासत नाही, कपडे वाळत नाहीत, म्हणून त्यांना भांडायला इतका वेळ मिळतो, असं तिचं म्हणणं. "एक म्हस बांधा त्या सासूच्या दारात," ती म्हणायची, "चार दिसांत गोष्ट संपंल." कुकरवर तिचा विश्वास नव्हता. आत काय चाललंय ते दाखवत नाही आणि वर शिटी मारतो, अशा भांड्याशी तिचं जमत नसे. टेलिफोन मात्र आवडायचा. खालच्या गावात एसटीडीचा डबा झाल्यावर ती नवऱ्याशी बोलायची आणि घड्याळाचे आकडे पुढे सरकू लागले की म्हणायची, "आता जाहिरात आली, ठेवते."

मी सहावीत असताना सुलूच्या गाडीला अपघात झाला. तो शुक्रवार होता. काकीने दवाखाना दाखवला, नाकातली नळी दाखवली, डॉक्टरने मान हलवली ते दाखवलं, आणि म्हणाली, "आता सोमवारी कळंल."

शनिवार आणि रविवार वाडीत कुणाला काही सुचलं नाही. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण शहरातली माणसं याला काय म्हणतील ते मला आता माहीत आहे. रविवारी सकाळी सगळ्या बायका वाघजाईच्या देवळात गेल्या. सर्वांत थोरली गंगूआजी, तिने नारळ ठेवला आणि मोठ्याने बोलली, "आये, परक्याची पोर हाय, पण गुणाची हाय. तिला उठव. वाडीच्या बायका तुझी खणानारळानं ओटी भरतील." द्वारकाकाकीही तिथे होती. तिनेही हात जोडले होते.

सोमवारी काकी वर आली तेव्हा झऱ्यावर हंडे रिकामेच होते. पाणी भरायचं कुणाला सुचलं नव्हतं. काकीने किटली ठेवली. पाणी प्यायली. 'हां' म्हणाली नाही. गंगूआजीने विचारलं, "उठली का?"

"आधी साबणाची जाहिरात," काकी म्हणाली.

त्या दिवशी साबण झाला, चहापत्ती झाली, दातांची पेस्ट झाली, केसांचं तेल झालं. ढेकणाच्या औषधाची एक जाहिरात तिने दोनदा सांगितली. कुणी ओरडलं नाही, कारण सगळ्या घाबरलेल्या होत्या. काकी कुणाकडे बघत नव्हती. ती समोर दगडावरून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत होती. मग तिने उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला, बोटं हळूहळू हलवली, आणि म्हणाली, "डोळा उघडला तिनं."

गंगूआजी तिथेच बसून रडली. दुसऱ्या दिवशी वाघजाईची ओटी भरली गेली. खण काकीने दिला.

त्यानंतर सुलूची गोष्ट बदलली. वाडीतल्या कुणाला ते खटकलं नाही, कारण एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेलं माणूस बदलणारच. दवाखान्यातून उठल्यावर सुलू बंगल्यात गेली नाही. पुढे शिकायचं म्हणाली. सासूने हनुवटी वर करून विचारलं, "शिकून काय करणार?" काकीने डावा तळवा गुडघ्यावर उघडून धरला आणि उजव्या हाताने त्यावरून पान उलटलं. एवढंच. तेव्हापासून सुलूची ही खूण झाली. तळवा उघडला की सुलू अभ्यासाला बसली, हे आम्हाला न सांगता कळायचं.

सुलूची गोष्ट वर्षानुवर्षं चालली. मी खालच्या शाळेतून दहावी झाले, एसटीने पोलादपूरला जाऊन बारावी झाले. तोवर सुलू कॉलेजात होती. कधी फी भरायची अडचण, कधी दीर येऊन तमाशा करायचा, कधी सुलूला वाटायचं हे आपल्याच्याने होणार नाही. जाहिराती मात्र पूर्वीपेक्षा लांबल्या होत्या. आम्हाला वाटायचं, टीव्हीवरच वाढल्या असतील.

बारावीच्या निकालानंतर माझा चुलता मुंबईहून आला. माणूस वाईट नव्हे, आमच्या घरावर त्याचे उपकार आहेत. पुढचं शिक्षण म्हणजे महाडला राहायला हवं होतं, आणि वाडीतली एकही मुलगी तोवर शिकण्यासाठी बाहेर राहिलेली नव्हती. चुलता म्हणाला, "म्हाडला पोरीला एकटी कशाला ठेवायची? माझ्या चाळीत स्थळ हाय. मुलगा कायम नोकरीत हाय." बाबा गप्प बसले. आईही गप्प बसली. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर मी आईबरोबर होते. सुलूच्या माहेरी तिचा काका आला होता. तो म्हणत होता, पुरे झालं शिक्षण, मुलीला घरी आणा. काकी हे सांगताना आमच्याकडे बघत नव्हती. पण झऱ्यावरच्या सगळ्या बायका बघत होत्या.

आईने विचारलं, "मंग सुलू काय म्हणली?"

"सुलू काय म्हणंल? तिच्या बोलण्याला तिथं कोण विचारतो? तिच्या आईनं म्हणायला पायजे."

"आई काय म्हणली मंग?"

"ते आज नाय दाखवला," काकी म्हणाली आणि किटली उचलून निघून गेली.

त्या संध्याकाळी आईने चुलत्याला चहा दिला आणि म्हणाली, "भावजी, रंजी म्हाडला जाईल."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला पायजे?"

बाबांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच बोलले, "जाऊं दे तिला."

दुसऱ्या दिवशी काकीने विचारलंही नाही. वर आली, पाणी प्यायली, आणि सांगितलं, "सुलूची आई म्हणली, पोर जाईल."

महाडला मी आले तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात आली. हे शहर मला ओळखीचं होतं. एसटी स्टँडसमोरची सोड्याची गाडी, सकाळी कंपनीच्या पाळीला जाणाऱ्या माणसांनी भरलेल्या बस, नदीवरचा पूल, आणि पायऱ्या उतरलेलं मोठं तळं, जिथे मार्चमध्ये बाहेरगावची एवढी माणसं येतात की रस्ता दिसत नाही. सुलूच्या कॉलेजच्या गावात हे सगळं होतं. तळ्याच्या काठाने चालताना मी थांबले होते. हिंदी मालिकेतल्या मोठ्या शहरात चवदार तळं कसं आलं, हा प्रश्न मला पडला. पण मी नवीन होते, घाबरलेली होते, तो प्रश्न मनात तसाच राहिला.

मी राहायचे त्या घरच्या परांजपेबाई निवृत्त शिक्षिका होत्या. दुपारी त्या टीव्ही बघत. एकदा मी त्यांना सहज विचारलं, तुम्ही सुलक्षणाची मालिका बघत नाही का.

"सुलक्षणा? ती ना, अपघातात गेली ती?" बाई म्हणाल्या. "अगं, किती रडले होते मी तेव्हा. शुक्रवारी अपघात दाखवला आणि सोमवारी संपवलीच तिला. पुढे मग काही राम राहिला नाही त्यात. वर्षभरात बंदच पडली ती मालिका. आता तिला कितीतरी वर्षं झाली असतील."

मी तेव्हा जेवत होते. ताटात भात होता, तो तसाच राहिला.

"तुमच्याकडे अजून लागते की काय?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "आमच्याकडे लागते."

त्या दिवशी अभ्यासाचं पुस्तक उघडून मी नुसती बसले होते. हॉटेलच्या पायरीवर बसून काकीने सुलूला मरताना बघितलं. तिथून चढण चढताना तिच्या मनात काय चाललं असेल? वर वाघजाईला बोललेला नवस होता, रिकामे हंडे होते. त्या चढणीवर तिने एका मुलीला जिवंत केलं, आणि मग तिला जिवंत ठेवायचं काम वर्षानुवर्षं केलं. रोज. जाहिरात म्हणजे तिला विचार करायला मिळालेली जागा होती. आणि सुलूचं कॉलेज म्हणजे दूधवाल्यांच्या मेळाव्याला काकी एकदा महाडला आली होती, तेव्हा बघितलेलं गाव. मी ज्या गोष्टीच्या आधाराने इथवर आले, ती गोष्ट दुसऱ्या कुणीही सांगितलेली नव्हती. मला तेव्हा काकीची भीती वाटली, असं म्हटलं तर चालेल का? मोठ्या नदीच्या काठावर उभं राहिल्यावर वाटते तशी.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय, तेही कळत नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत घरी गेले तर आमच्या कौलांवर टीव्हीची छत्री होती. चुलत्याने मुंबईहून संच आणि छत्री दोन्ही आणलं होतं. छत्रीला डोंगर आड येत नाही, चित्र स्वच्छ दिसत होतं. सगळ्या वाडीला कौतुक होतं. चुलत्याने ते स्थळही पुन्हा आणलं होतं, मुलगा अजून थांबलाय म्हणाला. एवढं शिकली ते पुष्कळ झालं, शेवटची परीक्षा दिली काय, नाय दिली काय. यावर आई अजून काही बोलली नव्हती.

कुठल्याशा वाहिनीवर जुन्या मालिका दुपारी पुन्हा दाखवत होते. चुलत्याने बटणं दाबता दाबता ते नाव वाचलं आणि हाक मारली, "वैनी, या गो सगळ्या. तुमची सुलू लागलीय."

आमची ओटी बायकांनी भरून गेली. गंगूआजीला पुढे बसवलं. काकी खालून येत होती, किटली हातात. दारातच थांबली.

पडद्यावर बंगला दिसला. सासू दिसली, आणि तिची हनुवटी खरंच वर होती. बायका खूश झाल्या. मग सासू भिंतीकडे वळली. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता. फोटोला हार होता. खाली दिवा.

हिंदी येत नसली तरी हार कुणालाही कळतो.

चुलता हसला. "आरं, ही तर मेलीय. ही तुमची सुलू? द्वारकावैनी, इतकी वर्षं काय सांगत होतीस यांना?"

किटली काकीने दोन्ही हातांनी धरली होती. मी आईकडे बघितलं. आई पडद्याकडे बघत होती. मला वाटलं, आता सगळंच संपलं, काकीचं झऱ्यावरचं बसणं आणि माझं महाड, दोन्ही एकदम.

तेवढ्यात गंगूआजी बोलली. तिला फार दिसत नव्हतं, तिने शेजारणीला विचारून घेतलं होतं.

"हार कुणी घातलाय?"

"टीव्हीवाल्यांनी, आजी," चुलता म्हणाला.

"घालूं दे. त्यांनी हार घातला. आपुन वाघजाईला नारळ ठेवलाय, ओटी भरलीय." ती दाराकडे वळली. "द्वारके, उभी का? बस. तिच्या परीक्षेचा काय झाला?"

आई उठली. "भावजी, ते बंद करा जरा," म्हणाली. चुलत्याने बंद केलं. तो चकित झाला होता, पण मोठ्या माणसांपुढे त्याने कधी आवाज केला नाही.

काकी उंबऱ्यावर बसली. किटली खाली ठेवली. मी पाणी आणून दिलं, ते प्यायली. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आधी साबणाची जाहिरात."

"सांग गो," बायका म्हणाल्या. "साबणबी सांग. वेळ हाय."

सगळ्या हसत होत्या, काही डोळे पुसत होत्या. साबण झाला, चहापत्ती झाली, आणि काकीने डावा तळवा गुडघ्यावर उघडून धरला.

स्थळाचं पुन्हा निघालं नाही. मी आईला एकदा विचारलं, तुला ठाऊक होतं का. "काय?" म्हणाली आणि गुरांना पेंढा टाकायला गेली.

शेवटची परीक्षा देऊन मी महाडहून घरी निघाले होते. पोलादपूरच्या स्टँडवर वाडीकडच्या गाडीची वाट बघत उभी होते. समोर मुंबईची गाडी लागली होती, आणि खिडकीत द्वारकाकाकी. काकांचं दुखणं वाढलं म्हणून मुलगा तिला घेऊन चालला होता, म्हशी विकल्या होत्या, हे मला नंतर घरी कळलं. मी हाक मारली, पण गाडी सुरू होती, तिला ऐकू गेलं नाही. काच लावलेली होती. तिच्या शेजारी एक अनोळखी बाई होती, मांडीवर पिशवी घेऊन, पूर्ण काकीकडे वळून बसलेली.

काकीने हनुवटी वर केली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सोडलं. शेजारची बाई काहीतरी विचारत होती, तिची मान पुढे आली होती.

गाडी मागे सरकली, वळली. वळताना मला काकीचा डावा हात दिसला. तो गुडघ्यावर उताणा होता, आणि उजव्या हाताने ती त्यावरून पान उलटत होती.